पुढचे युद्ध कधी, असे तुम्ही विचारलेत म्हणून

आंतरराष्ट्रीय संबंध आणि सुरक्षा अभ्यास हा माझा विषय आहे असे कळले, की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: ‘मग सांगा, पुढचे युद्ध कधी आणि कुठे?’ याचे उत्तर माझ्याकडे नसते, आणि जे ते छातीठोकपणे देतात त्यांच्यापासून मी चार हात लांबच राहते. पहिल्या महायुद्धाचा संहार पाहून या विषयाचे पहिले अध्यासन, म्हणजे विद्यापीठातील खास प्राध्यापकपद, 1919 मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे स्थापन झाले; पुढच्या वीस वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले. शीतयुद्ध इतक्या झटपट संपेल, हेही आमच्यापैकी फार थोड्यांनी ओळखले होते.

आमचे बरेचसे काम घडून गेलेल्या गोष्टी पुन्हा तपासण्याचे असते. ऑक्टोबर 1962 मधील क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगच घ्या; सोव्हिएत संघाने क्यूबा बेटावर क्षेपणास्त्रे आणली होती आणि ती काढून न्यावीत असा अमेरिकेचा आग्रह होता. अमेरिका ठाम राहिली म्हणून सोव्हिएत संघाने माघार घेतली, असे अनेक वर्षे मानले गेले आणि तोच धडा वर्गावर्गांतून शिकवला गेला. प्रत्यक्षात 27 ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकी अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटून, तुर्कस्तानातील आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रे आम्ही काढून घेऊ, मात्र याची वाच्यता होता कामा नये, असे सांगितले होते. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचे यू-2 हे टेहळणी विमान पाडण्यात आले, तेही मॉस्कोची परवानगी न घेता. बेटावर छोट्या पल्ल्याची सोव्हिएत अण्वस्त्रे तेव्हाच येऊन पोहोचली होती, हे तत्कालीन अमेरिकी संरक्षणमंत्री मॅकनमारा यांना 1992 मध्ये हवानातील परिषदेत ऐकायला मिळाले.

अशा गोष्टी अभिलेखागारात बसल्याशिवाय हाती लागत नाहीत. मागवलेल्या फायलीतील निम्मे पान गोपनीय मजकुरावर मारलेल्या काळ्या पट्ट्यांनी झाकलेले असते. उरलेल्या ओळींपेक्षा कधीकधी प्रत कोणाकोणाला गेली, पहिल्या मसुद्यातले कोणते वाक्य अंतिम प्रतीतून गळले, यावरूनच अधिक उमगते. त्यासाठी ज्या देशाचा अभ्यास करायचा त्याची भाषा यावी लागते आणि ती शिकण्यात वर्षे जातात. दरम्यान नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात आणि शोधनिबंध परीक्षकांकडे महिनोन्‌महिने पडून राहतो, तर वाहिनीवरच्या चर्चेचे बोलावणे त्याच दिवशी येते. तरुण अभ्यासकांनी त्या बोलावण्याला निदान पीएचडी पूर्ण होईपर्यंत तरी नकार द्यावा, असे माझे मत आहे. तिथे ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.

म्हणून चालू संघर्षाविषयी विचारलेत तर मी तारीख सांगत नाही. दोन्ही राजधान्यांमध्ये मध्यस्थामार्फत काही बोलणे चालू आहे का, मागे हटणाऱ्याला आपल्या देशात तोंड दाखवायला जागा ठेवली आहे का आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याला वरून न विचारता गोळी झाडण्याची कितपत मोकळीक आहे, एवढे मी पाहते. यातलेही पुष्कळसे बातम्यांत येत नाही.