सिद्धेश्वर@123 हा पासवर्ड आजच बदला

आपल्या सोलापुरातले पासवर्ड ओळखायला हॅकर लागत नाही हो. सिद्धेश्वर@123, सोलापूर413001, नायतर एमएच13 आणि पुढं गाडीचा नंबर. गावावर प्रेम आहे ते चांगलंच, पण ते पासवर्डात नको, कारण पिनकोड आणि गाडीची पाटी सगळ्या जगाला दिसते.

लोक म्हणतेत मी ए च्या जागी @ टाकलाय, ओ च्या जागी शून्य, आता कोण ओळखणार? अहो पासवर्ड फोडायच्या सॉफ्टवेअरात ही अदलाबदल आधीपासूनच भरलेली असते. 2009 ला रॉकयू नावाच्या साइटवरून 3 कोटींच्या वर पासवर्ड जसेच्या तसे बाहेर पडले, सगळ्यात जास्त लोकांचा 123456 होता, आणि ती यादी आजही फोडणारे सर्रास वापरतेत.

आणि कुणी लॉगिनच्या पानावर बसून एकेक टाइप करून बघत नसतंय. साइटचा डेटा चोरीला जातो, त्यात पासवर्ड हॅश करून म्हणजे ओळखू येणार नाही असा बदलून ठेवलेला असतो, मग चोर आपल्याच मशीनवर निवांत अंदाज लावत बसतो. हॅश एमडी5 सारख्या जुन्या पद्धतीचा असला तर एक भारी गेमिंग कार्ड सेकंदाला 10,000 कोटींच्या वर अंदाज तपासतं. आठ छोटी इंग्रजी अक्षरं असली तर सगळे मिळून होतात साधारण 20,900 कोटी प्रकार, म्हणजे दोन सेकंदांचं काम!

म्हणून लांबी वाढवा, आणि शब्द मनानं निवडू नका, कारण मनात चादर आली की पाठोपाठ शेंगा चटणी येणारच. डाइसवेअर म्हणून पद्धत आहे, 1995 पासूनची. एका शब्दासाठी फासा पाच वेळा टाकायचा, जो पाच अंकी आकडा येईल त्याच्या समोरचा शब्द यादीतून घ्यायचा, यादीत 7,776 शब्द असतात. त्याच वेगानं चार शब्दांचे सगळे प्रकार 10 तासात संपतात, पण सहा शब्द घेतले तर जवळपास 70,000 वर्षं लागतात. नुसते दोन शब्द वाढवले बघा.

दर 90 दिवसांनी पासवर्ड बदला हा नियम अजून बऱ्याच ऑफिसात चालतोय. मला तो अजिबात पटत नाही, त्यानं लोक शेवटचा 1 काढून 2 करतेत, बाकी काय होत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं तर 2017 लाच सांगितलं की उगाच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचं कळलं तर बदला.

असले लांब पासवर्ड प्रत्येक साइटसाठी वेगळे पाहिजेत, नायतर एक फुटला की तोच ईमेलला लावून बघतेत. सगळे डोक्यात राहणार नाहीत, बिटवॉर्डन किंवा कीपास सारख्या पासवर्ड सांभाळणाऱ्या अॅपमध्ये ठेवा, ते अॅप उघडायचा सहा शब्दांचा तेवढा एक पाठ करा. ईमेल आणि बँकेला टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अॅप जमत नसेल तर वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवा, नेटवरच्या चोराचा हात तिथपर्यंत पोचत नाही, फक्त ती वही कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवू नका.