नळीतली साय

एप्रिलातली सकाळ होती. उपाशीपोटीच्या तपासण्यांना आमच्या लॅबमध्ये साडेसातलाच रांग लागते. साडेआठ वाजले की रांगेतल्या प्रत्येकाला चहाची तलफ येते आणि त्याचा राग सुई टोचणाऱ्यावर निघतो. त्या गडबडीत काका आले. तासगाव रस्त्याला त्यांची रसवंती आहे. "डॉक्टरनी चरबी बघायला सांगितलीया," म्हणाले आणि बाही वर केली.

नळीत रक्त उतरायला लागलं तेव्हाच रंग खटकला. टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध घातलं की जो रंग येतो, तसा. रक्त गोठू दिलं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवून नळी बाहेर काढली. तांबड्या पेशी नळीतल्या जेलच्या थराखाली बसतात आणि वर एरवी फिकट पिवळं, शेंगतेलासारखं नितळ सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, असतं. इथे पांढरंशुभ्र दूध. मागे धरलेल्या कागदावरचं अक्षरही दिसेना.

मी बाहेर जाऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं, "काका, खरं सांगा, सकाळी काय खाऊन आलात?"

"न्हाई ओ ताई. काल सांच्याला सातला भाकरी आन् बिनतेलाची आमटी खाल्ली. त्यावर निस्तं पाणी."

माझा विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? आपण खाल्लेलं तेल-तूप आतड्यात पित्तामुळे बारीक थेंबांत फुटतं, स्वादुपिंडाचा रस त्याचे तुकडे करतो आणि आतड्याची भिंत ते पुन्हा जोडून प्रथिनांच्या पातळ वेष्टनात बांधते. या गाठोड्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. साखर आतड्यातून थेट यकृताकडे जाते, ही गाठोडी मात्र लसिकावाहिन्यांतून वर चढून डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी रक्तात मिसळतात. म्हणून भरपेट जेवणानंतर काही तास कुणाचंही सीरम गढूळ दिसू शकतं. पण बारा तासांनी ते निवळायला हवं.

मशीनने तर हातच टेकले. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. सलाइन घालून सॅम्पल पातळ केलं, पुन्हा लावलं, गुणाकार केला: 2840. 150च्या आत असावं लागतं. गंमत पुढेच होती. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आमच्याकडे सूत्राने निघतं, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून. 410 वजा 24 वजा 568. पडद्यावर एलडीएल आलं उणे 182! ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, हे आम्ही शिकलेलो असतो; पण कोलेस्टेरॉल शून्याखाली गेलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. रक्तातली साखर होती 386. त्यांना मधुमेह असल्याचं तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या सरांनी काकांना आत बसवून शांतपणे विचारलं. चार महिन्यांपूर्वी शेजाऱ्याला अटॅक आला होता, त्या धसक्याने काकांनी तेल, तूप, शेंगदाणे, सगळं बंद केलं होतं. घरात चटणीसुद्धा कोरडी. मग दिवसभर खाता काय? "खातोय कुठं ओ? गिऱ्हाइकाला दिल्यावर उरलेला रस टाकवत न्हाई. आठ-दहा ग्लास होत्यात. आन् च्यासंगं खारी. खारीत कुठलं त्याल?"

सर हसले नाहीत, मलाच हसू आलं. खारीचे ते पदर सुटतात कशाने, हा प्रश्न आपल्याकडे कुणालाच पडत नाही. पण मुख्य गुन्हेगार खारी नव्हती. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची यकृत चरबी करतं आणि ती रक्तात सोडतं. रक्तातली चरबी उतरवून घेणाऱ्या एन्झाइमला इन्शुलिनची साथ लागते. तीच तुटल्यावर आतड्यातून येणारी आणि यकृतातून येणारी, दोन्ही चरबी रक्तात तुंबली होती.

"वरच्या पोटात दुखतं का?" सरांनी विचारलं. दुखत होतं, पाठीपर्यंत जायचं. काका पित्त समजून सोडा पीत होते. ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते आणि ती सूज जिवावर बेतू शकते. सरांनी काकांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. दुपारच्या आत काका मिरजेला ॲडमिट झाले.

उरलेलं सीरम मी फ्रिजमध्ये ठेवलं. ही जुनी चाचणी आहे, आता फारसं कुणी करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीवर साय धरली होती, अगदी तापवून निवलेल्या दुधावर धरते तशी. वरची साय आतड्यातून आलेली, खालचं गढूळ पाणी यकृताचं. दोन्ही वाटांनी आलेली चरबी एका नळीत वेगवेगळी दिसत होती. नवीन आलेल्या दोन्ही पोरींना बोलावून दाखवली.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट न्यायला काकू आल्या आणि माझ्यावरच चिडल्या. "चार म्हैने आमी बिनतेलाचं खाल्लं, त्ये काय फुकटच?" फुकट म्हणवेना. कारण ॲडमिट झाल्यावर डॉक्टरांनीही खरोखरच तेल बंद ठेवलं होतं. तुंबलेलं निघेपर्यंत वरून भर नको म्हणून. पुढे हळूहळू मोजून दोन चमचे सुरू करा म्हणाले होते. शरीराला स्वतःला बनवता येत नाहीत अशी मेदाम्लं खाण्यातल्या तेला-चरबीतूनच यायची, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीशिवाय नीट शोषली जात नाहीत. आजी गाजराच्या कोशिंबिरीला तेलाची फोडणी द्यायची, तिला हे कुणी शिकवलं होतं देव जाणे.

काका जूनमध्ये पुन्हा आले. चांगलेच वाळले होते. या वेळी नळी फिरवून झाल्यावर स्वतःच म्हणाले, "दावा की." मी दाखवली. त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली, डोळा बारीक केला. पिवळं, आरपार. आकडा 196.

"मग आता रस?"

"नाही काका."

"विकायला हरकत न्हाई न्हवं?"