पीसी बंद व्हायला दोन मिनिटं का लागत होती

पीसी बंद करायची मला धास्तीच बसली होती. 'शट डाउन' केलं की ठिपक्यांचा गोल फिरत राहायचा, आणि घाईत असले की मी सरळ पॉवरचं बटण दाबून धरायचे. मग पुढच्या वेळी आधी डिस्कची तपासणी, नंतर बाकी सगळं. सुरू व्हायलाही पावणेचार मिनिटं जात. मशीन २०१३ चं, ४ जीबी रॅम, ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी) हार्ड डिस्क, त्यावर विंडोज १०. लिखाण आणि हिशेब यांना ते अजून पुरतं, म्हणून मोडीत काढायचं मनात नव्हतं.

आधी ऐकीव उपाय करून झाले. 'एमएसकॉन्फिग' या विंडोजच्या सेटिंग-खिडकीच्या 'बूट' (सुरू होणं) टॅबमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवली. फरक शून्य, आणि तो पडणारही नव्हता. विंडोज प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे त्यातले काम करणारे भाग, आपणहून वापरतं; ती सोय चाचणीसाठी कोअर कमी करायला दिलेली आहे. मग ठरवलं, आधी मोजायचं, आणि एका वेळी एकच बदल करायचा.

मोजमाप विंडोज स्वतःच ठेवतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. 'इव्हेंट व्ह्यूअर' या विंडोजच्या नोंदवहीमध्ये 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स' आणि 'ऑपरेशनल' असं आत जायचं. तिथली १०० क्रमांकाची नोंद सुरू होण्याची, २०० क्रमांकाची बंद होण्याची. 'डिटेल्स'मध्ये वेळ मिलिसेकंदांत असते. माझ्या नोंदीत 'मेनपाथबूटटाइम' ६१,००० च्या आसपास आणि 'बूटपोस्टबूटटाइम' १,४८,००० होता. म्हणजे डेस्कटॉप दिसेपर्यंत एक मिनिट, आणि डेस्कटॉप दिसल्यावर मशीन शांत व्हायला अडीच मिनिटं. मी इतके दिवस विंडोजला दोष देत होते. खरा वेळ खात होते ते मागून उठणारे प्रोग्राम.

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबवर अकरा नावं निघाली. प्रिंटरचा मदतनीस, दोन चॅट ॲप, तीन-चार अपडेटर, फाइली सिंक करणारा एक. अँटिव्हायरस आणि टचपॅडसारख्या हार्डवेअरचे प्रोग्राम सोडून बाकी 'डिसेबल' केले. हे काढून टाकणं नव्हे. हवा तेव्हा प्रोग्राम उघडता येतोच. सिंक मला हवा होता, म्हणून त्याचं 'टास्क शेड्यूलर'मध्ये काम बनवलं: लॉगिननंतर तीन मिनिटांनी सुरू हो. तेवढ्याने दुसरा आकडा ५२,००० वर आला. त्याच टॅबच्या कोपऱ्यात 'लास्ट बायॉस टाइम', म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या बायॉसला लागलेला वेळ, १९ सेकंद दिसत होता. बायॉसमध्ये बघितलं तर बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं. मशीन रोज आधी नेटवर्कवर काही सापडतंय का ते शोधत बसायचं. डिस्क पहिली केली, १९ चे ८ झाले.

बंद होण्याचं कोडं मात्र सुटत नव्हतं. सगळे प्रोग्राम हाताने बंद करून शट डाउन केलं तरी दोन मिनिटं दहा सेकंद, आणि तेवढा वेळ डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता अखंड पेटलेला. त्या दिव्यानेच दिशा दाखवली. मशीन कुणाची वाट बघत नव्हतं, काहीतरी लिहीत होतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, 'सेशन मॅनेजर'खालच्या 'मेमरी मॅनेजमेंट'मध्ये 'क्लिअरपेजफाइलॲटशटडाउन' नावाची किंमत १ होती. ती १ असली की बंद होताना विंडोज पेजफाइलवर (रॅममध्ये न मावणारं ठेवायची डिस्कवरची फाइल) पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहितं, रॅममधलं काही डिस्कवर मागे उरू नये म्हणून. माझी पेजफाइल ६ जीबीची. सेकंदाला सुमारे ७० एमबी या वेगाने नुसती ती पुसायलाच दीड मिनिट. कधीतरी 'सुरक्षितते'च्या एका यादीवरून मीच ते लावलं असणार. कुणाच्या हाती मशीन लागण्याचा धोका असेल तर ती किंमत जरूर १ ठेवावी. माझं मशीन घराबाहेर जात नाही. रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवली, १ चं ० केलं, रीस्टार्ट केलं. पुढचं शट डाउन बावीस सेकंदांत झालं आणि मी खुर्चीतून उठायच्या आत पंखा थांबला.

यानंतर उरली ती डिस्कची मर्यादा, आणि ती कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत मारते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय टोक सरकायला साधारण ९ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला ७५-८० वाचनं. सुरू होताना विंडोजला अशीच हजारो छोटी वाचनं लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच. मदरबोर्डचा साटा (डिस्क जोडायची सोय) जुन्या पिढीचा असला तरी हा फायदा मिळतो, कारण अडतं ते शोधण्यात, केबलच्या वेगात नाही.

म्हणून एसएसडी आणली, बॅकअप घेऊन जुनी डिस्क तिच्यावर क्लोन केली (जशीच्या तशी उतरवली), आणि वेळ तीच! बराच वेळ वाटलं, एसएसडीच खराब. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडल्यावर कळलं: नवी डिस्क 'ऑफलाइन', मशीन अजून जुनीवरूनच उठतंय. दोन्हींची ओळख-खूण एकच असल्याने विंडोजने नवी बाजूला ठेवली होती. जुनीची केबल काढली तेव्हा बटण दाबल्यापासून लिहायला बसेपर्यंत २७ सेकंद लागले.

'फास्ट स्टार्टअप', ही विंडोजची लवकर सुरू व्हायची सोय, मी अजूनही बंदच ठेवली आहे. त्यात शट डाउन म्हणजे कर्नल (विंडोजचा गाभा) डिस्कवर साठवून झोपवणं, आणि खरी नवी सुरुवात फक्त रीस्टार्टला होते. चार-पाच सेकंदांसाठी मला ते नको. जुनी डिस्क डब्यात घालून कपाटात ठेवली आहे. नवीवर महिनाभर काम नीट झालं की जुनी पुसून बॅकअपसाठी जोडेन.