गांधीजी की चंद्रगुप्त?

शनिवारी रात्री आम्ही चौघं सिव्हिलायझेशन सिक्स हा पाळीपाळीने साम्राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम खेळतो, दोघं दादरचे, एक मुलुंडचा आणि मी बोरिवलीतून, आणि खरं भांडण गेम सुरू व्हायच्या आधी लीडर निवडतानाच होतं. मुलुंडवाला दरवेळी सुमेरियाचा गिल्गमेश घेतो, कारण त्याची वॉर कार्ट, म्हणजे युद्धगाडी, पहिल्या टर्नपासून बनवता येते, काही शोध लावायची भानगडच नाही, आपण अजून गोफणवाले जमवतोय तोवर हा दारात हजर.

मला भारतच हवा असतो (हो, भावनिक कारण, हसू नका). गांधीजी घेतले तर ज्यांनी धर्म स्थापन केलाय आणि ज्यांच्याशी युद्ध नाही अशा प्रत्येक भेटलेल्या सिव्हिलायझेशनमागे फेथ (श्रद्धेचे पॉइंट) मिळतो, पण शेजारी वॉर कार्टवाला असताना फेथ काय चाटायचाय? म्हणून आता चंद्रगुप्त, २०१८ च्या राइज अँड फॉल या एक्स्पान्शनमध्ये आलेला. मिलिटरी ट्रेनिंग हे सिव्हिक (शोधासारखाच गेममधला टप्पा) झालं की टेरिटरी वाढवायचं युद्ध पुकारायचं, मग पहिले १० टर्न +२ चाल आणि +५ ताकद. शिवाय भारताचा खास ‘वरू’ हा लढाऊ हत्ती, नुसता बाजूला उभा राहिला तरी शत्रूची ताकद ५ ने खाली.

फक्त तोवर जिवंत राहायला हवं ना! गेल्या शनिवारी तिसाव्या टर्नलाच माझी राजधानी गेली.