वरचं दूध बंद करण्याआधी त्याचा हिशोब मांडा

बाळ सहा आठवड्यांचं आहे, अंगावर पितं आणि दिवसातून पाच-सहा वेळा पावडरचं दूधही घेतं. आता आईला ते पूर्ण अंगावर आणायचं आहे. अशा वेळी घरात हमखास दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे, "आजपासून डबा बंद कर, भूक लागली की आपोआप ओढेल." दुसरा, "एकदा वरचं लागलं की अंगावरचं परत येत नाही." दोन्ही चुकीचे आहेत, पण पहिला जास्त धोक्याचा. उपाशी तान्हं बाळ जोर लावून ओढत नाही, ते थकून झोपतं. आणि ते शांत झोपलं की सगळ्यांना वाटतं, पोट भरलं.

छाती भरलेली राहिली की दूध बनण्याचा वेग कमी होतो. ती वारंवार रिकामी झाली की वेग वाढतो. ६० मिली पावडरचं दूध पिऊन बाळ तीन तास झोपलं, की तेवढा वेळ छातीला "पुरे" असा निरोप जातो. म्हणून क्रम बदलायचा नाही: आधी अंगावरून जास्त वेळा दूध निघालं पाहिजे, पावडर त्यानंतर कमी करायची.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या काही महिन्यांत बाळाला दिवसाला साधारण किलोमागे १५० मिली दूध लागतं. बाळ ४ किलोचं असेल तर ६०० मिली. पावडरचं दूध सहा वेळा ६० मिली, म्हणजे ३६०. उरलेलं सुमारे २४० मिली आईचं. डबा एका झटक्यात बंद केला तर बाळाचं निम्म्याहून जास्त जेवण काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून आधी दोन दिवस फक्त लिहून काढा: किती वाजता, किती मिली, किती वेळा शू, किती वेळा शी. कापडी लंगोट वापरले तर शूची मोजणी सोपी जाते. डायपरमध्ये दोन-तीनदा झालेलं कळतही नाही.

पहिले चार-पाच दिवस पावडर अजिबात कमी करू नका. २४ तासांत आठ ते बारा वेळा बाळाला अंगावर घ्या, रात्रीचं एक-दोनदा धरून, कारण रात्री दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन जास्त असतं. दर वेळी आधी अंगावर, दोन्ही बाजू, आणि मगच वरचं. बाळाचं नाक निपलसमोर ठेवा, तोंड जांभईसारखं मोठं उघडलं की पटकन छातीकडे आणा. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि निपलभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो आहे, तर पकड बरोबर. पाजून झाल्यावर निपल लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं, चपटं बाहेर आलं तर पकड उथळ आहे. अशी पकड असेल तर तासभर पाजूनही दूध नीट निघत नाही. गिळणं मंदावलं की छाती हाताने हलकेच दाबून धरा, बाळ पुन्हा गिळू लागतं.

पाजून झाल्यावर दहा मिनिटं हाताने किंवा पंपाने दूध काढा. प्रत्येक वेळी जमणार नाही, दिवसातून चार-पाचदा जमलं तरी फरक पडतो. हाताने काढताना अंगठा वर, बोटं खाली, निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी फासळ्यांकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची. त्वचेवरून बोटं घासायची नाहीत. पंप दुखत असेल तर बहुतेकदा त्याच्या फनेलचं माप चुकलेलं असतं. निपल कडांना घासत असेल तर फनेल लहान पडतो आहे, काळा भाग बराच आत ओढला जात असेल तर मोठा होतो आहे. आणि पंपात १५ मिलीच आलं म्हणून घाबरू नका. नीट पकडलेलं बाळ पंपापेक्षा बरंच जास्त काढतं.

बाटलीची सवय झालेलं बाळ छातीशी चिडतं, कारण बाटलीत दूध लगेच येतं आणि इथे पान्हा फुटायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. अशा वेळी मला सगळ्यात उपयोगी वाटते ती बारीक नळी. मेडिकलमध्ये मिळणारी बाळाची फीडिंग ट्यूब, ५ किंवा ६ नंबरची. तिचं भोकांचं टोक निपलच्या टोकाशी येईल अशी मायक्रोपोर पट्टीने छातीवर चिकटवा, दुसरं टोक वरच्या दुधाच्या वाटीत बुडवा. बाळ छाती ओढतं तेव्हा नळीतूनही दूध येतं, त्यामुळे पोट भरतं आणि छातीलाही काम मिळतं. वाटी वर धरली की दूध भरभर येतं, खाली धरली की हळू. पूर्ण वाटी संपायला साधारण अर्धा तास लागेल इतपत उंची ठेवा. वापरल्यावर नळीतून सिरिंजने लगेच साबणाचं आणि मग स्वच्छ गरम पाणी सोडा, कारण आत दूध वाळलं तर ती फेकावीच लागते. नळी जमत नसेल तर वरचं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या.

आता कपात. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला पावडरचा एक सपाट चमचा असतो (आपल्या डब्यावरचं प्रमाण पाहून घ्या). म्हणून ३० मिलीच्या पटीतच कमी करा. पहिल्यांदा सकाळच्या दोन वेळांना ६०च्या जागी ३०. दिवसाला ६० मिली कमी झालं. तीन-चार दिवस तिथेच थांबा, वजन करा, मग पुढचे ६०. संध्याकाळचं वरचं दूध शेवटी काढा, तेव्हा छाती सैल असते आणि बाळं दर अर्ध्या तासाला मागतात. या हिशोबाने ३६० मिली संपायला तीन आठवडे लागतात, मध्ये थांबावं लागलं तर महिना. एक चूक कधीच करू नका: पाणी तेवढंच ठेवून पावडर कमी घालणं. पातळ दुधाने पोट फुगतं, वजन वाढत नाही आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम घसरू शकतं.

वजन आठवड्यातून दोनदा, त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ हवी, म्हणजे आठवड्याला किमान १४०. रोज वजन करू नका, एका शूने आकडा बदलतो. २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू होत असेल तर पुढची पायरी घ्या. शू कमी, गडद किंवा वाढ १४०च्या खाली असेल तर मागच्या पायरीवर परत जा, त्यात हार काही नाही. बाळ उठवूनही पीत नसेल, टाळू खोल गेली असेल किंवा ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त असेल, तर हिशोब बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. अपुऱ्या दिवसांचं किंवा आधीच वजन न वाढणारं बाळ असेल तर पहिली कपातसुद्धा बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

हळीव, मेथी, डिंकाचे लाडू, शतावरी जरूर खा, बाळंतिणीला चांगलंचुंगलं हवंच. पण दूध वाढतं ते छाती रिकामी होण्याने. लाडू खाऊन पाजण्याच्या वेळा तशाच राहिल्या तर फरक दिसत नाही. याच काळात बाळाला पाणी, मध किंवा गुटी देऊ नका. इवल्याशा पोटातली ती जागा दुधाची आहे, आणि मधातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो.

काही आयांना पूर्ण दूध येत नाही. थायरॉईडचा त्रास, वार अडकून राहिलेली, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, स्तनावरची शस्त्रक्रिया, किंवा बाळाची जीभ खाली चिकटलेली, अशी कारणं असू शकतात. दोन आठवडे नीट प्रयत्न करूनही वरच्या दुधाचा आकडा हलत नसेल तर हे तपासून घ्या. शेवटी १२० मिली वरचं लागतच राहिलं तर ते द्या, बाकीचं ४८० आईचं आहे.

पावडर बंद झाली की शी पिवळी आणि पातळ होते, ते जुलाब नव्हेत. पावडरमध्ये ड जीवनसत्त्व असतं, आईच्या दुधात पुरेसं नसतं, म्हणून रोज ४०० आययूचे थेंब सुरू आहेत ना ते पाहा. आणि शेवटचा डबा लगेच टाकू नका. पुढचे दोन आठवडे वजन वाढत असल्याचं काट्यावर दिसलं, की मग.