पुस्तकात दोन पानं, मग एवढे तास कशाला?

"मॅडम, सिकलसेलची दोन पानं आहेत पुस्तकात, तुम्ही त्यातच घुसून राहिल्या." सहकारी हे हसत विचारतात, मुख्याध्यापक वेळापत्रकाकडे बोट दाखवून विचारतात. पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात दुसराच प्रश्न असतो: "पोरींचे लग्न कसे होतीन?" दर वर्षी तुटक उत्तरं देऊन मी थकले आहे. सिकलसेलला एवढे तास कशाला, ते कमी करा, असं तुम्हीही म्हणालात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

नववीच्या विज्ञानातला 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा सोळावा धडा. त्यात मेंडेलचे वाटाणे, डाऊन सिंड्रोम, वर्णकहीनता आणि सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा तांबड्या रक्तपेशींचा आजार, असं सगळं येतं. इतर ठिकाणी हे सगळे आजार मुलांपासून सारखेच लांब असतील. आमच्या गडचिरोलीत तसं नाही. माझ्या प्रत्येक तुकडीत कुणाच्या तरी दप्तरात सिकलसेलचं कार्ड असतं, रक्ततपासणीचा निकाल लिहिलेलं.

परीक्षेपुरतं हवं असेल तर एक तास पुरतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, हे वाक्य पोरं पाठ करतात. पण ऑक्सिजन किंवा अंगातलं पाणी कमी पडलं की या तांबड्या पेशी वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेनं लोळतो, हे कळायला वेळ लागतो. एरवी 120 दिवस जगणारी पेशी या आजारात 10 ते 20 दिवसांत मरते. म्हणून तो मुलगा कवायतीत मध्येच बसतो. त्याला कामचुकार म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. शेजारच्या बाकावरच्या मुलाला हे समजलं, तर निदान तो तरी तसं म्हणणार नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, हे कित्येक स्टाफरूममध्ये अजून पोचलेलं नाही.

आता लग्नाचं. आईबापांकडून एकेक जनुक येतो. दोन्ही सदोष, म्हणजे एस, आले तर एसएस, म्हणजे आजार. एकच एस असेल तर माणूस वाहक, आणि दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाला एसएस होण्याची शक्यता चारात एक. म्हणून दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न टाळावं, असं मुलांना शिकवलं जातं. गावात पोचेपर्यंत त्याचं 'कार्डवाली पोरगी नको' होतं. मुलाचं कार्ड कोणी मागत नाही. कार्डावर एएस म्हणजे वाहक, एए म्हणजे एस अजिबात नाही. वाहक बहुतेक वेळा धडधाकट असतो आणि त्याचं एए जोडीदाराशी लग्न झालं, तर त्यांच्या मुलांना एसएस होत नाही. फार तर मूल वाहक होईल, त्याची शक्यता निम्मी. लग्नं मोडतात ती हे अर्धवट कळल्यामुळे. पूर्ण सांगायला मला तास लागतात, आणि तुम्ही म्हणता तास कमी करा.

'आमच्याच माणसांना का?' हा मुलांचा प्रश्न तर पुस्तकाच्या पलीकडचाच. घरी त्याचं उत्तर पूर्वजांचं पाप किंवा करणी असं मिळतं. मी त्यांना ॲलिसन या शास्त्रज्ञानं 1954 मध्ये दाखवून दिलेली गोष्ट सांगते. एस जनुक एकच असेल तर जीवघेण्या मलेरियापासून बरंचसं संरक्षण मिळतं. आमचा जिल्हा तापाचा. हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण तापाच्या मुलखात तो एकेरी असलेली माणसं जास्त जगली. हे ऐकताना मुलं ताठ बसतात. तो तास मी कुणासाठीही सोडणार नाही.

आणि तरीही एका वर्षीचा एक तास माझ्या डोक्यातून जात नाही.

मी चिंचोके नेले होते, फोडून दोन फाका केलेले, खेळायला घेतात तसे. आईबाप दोघंही वाहक धरायचे. एक फाक आईची, एक बापाची. पांढरी बाजू वर आली की एस, दोन्ही पांढऱ्या पडल्या की एसएस. पोरं बाकाबाकावर फाका टाकत होती, मी फळ्यावर खुणा करत होते. कुणाला लागोपाठ पांढरं-पांढरं पडत होतं, कुणाला एकदाही नाही. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी फाका मुठीत धरून बसली होती.

"मॅडम, चारातला एक असते ना?"

"हो."

"मंग आमच्या घरचा तर होऊन गेला. दादा गेला ना मागं. म्हणजे लहान्याले नाही होणार."

मधल्या सुट्टीत बोलू, असं म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण मागच्या बाकावरची दोघं हातातलं थांबवून माझ्याकडे बघत होती. त्यांच्या घरचंही मला माहीत होतं. मी तिथेच सांगितलं. प्रत्येक मूल म्हणजे नवा डाव, आधी काय पडलं ते चिंचोक्याला ठाऊक नसतं. दादाचं झालं म्हणून लहान्याचं टळत नाही.

"पण आईले तर सांगतलं होतं," ती म्हणाली. आणि मग गप्पच झाली.

कुण्या शिबिरात आईला 'चारातला एक' एवढंच सांगितलं गेलं होतं. त्या भरवशावर त्या घरात तिसरं मूल आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली, लहान्याला कडेवर घेऊन. "पोरगी रातभर जेवली नाही जी. तुमचं शिकवणं होऊन गेलं, आमचं घर कोण पाहील?" पोराचे हात सुजलेले होते. दात येऊन राहिले म्हणून, असं ती सांगत होती. जन्मतः तो छान गुटगुटीत होता, हेही परत परत सांगत होती. ते खरंच असणार. पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं, आजार नंतर दिसू लागतो. तिच्यासमोर हे बोलायला मला जड गेलं, पण बोलले. आशाताईला बोलावलं, तपासणी ठरली. आरोग्य केंद्रातल्या सॉल्युबिलिटी चाचणीत एस आहे की नाही एवढंच कळतं. एक की दोन, ते इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीवर ठरतं. तो अहवाल काय आला हे मला बरेच जण विचारतात. ते मी सांगणार नाही. ते त्या मुलाचं आहे.

मुलगी मात्र बरेच दिवस शाळेत आली नाही.

नोकरीला लागले तेव्हा माझं मत ठाम होतं. रक्तगट जसा मोकळेपणानं सांगतात, तसं एएस, एसएसही सांगावं, लपवण्यानंच लाज वाढते. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या तरुण बाईला मी आज पूर्ण खोटं ठरवू शकत नाही. तिचं म्हणणं शहाण्या गावाला लागू पडेल. पण आमच्या गावात सोयरीक जुळवायला बसलेली माणसं ही माहिती कशी वापरतात, हे तिनं पाहिलं नव्हतं. ती मला उलट विचारेल, मग गाव शहाणं होणार कसं? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

2023 पासून केंद्राची मोहीम चालू आहे, 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचा म्हणतात. तपासण्या वाढल्या, कार्डं वाढली. कार्ड हातात आलेल्या चौदा वर्षांच्या पोरीला ते वाचायला कुणी शिकवायचं? मुलींना वेगळं बसवून सांगा, असं काही जण सुचवतात. मुळीच नाही. कार्ड न दाखवणारे उद्याचे नवरदेव त्याच वर्गात बसलेले असतात.

एक गोष्ट मी बदलली आहे. घरात कुणाला आजार, कोण वाहक हे दाखवणारी स्वतःच्या घराची वंशावळ काढायला आता देत नाही, काल्पनिक कुटुंबाची देते. मुलं ती बिनचूक सोडवतात. पण 'आमच्या घरचा तर होऊन गेला' असं आता वर्गात कुणी म्हणत नाही, आणि तसं मनात धरून किती जण घरी जातात ते मला कळत नाही. घरची वंशावळ पुन्हा द्यावी की नाही, यावर माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. तास मात्र तेवढेच घेणार.