छत्तीस दुपटी

संध्याकाळी फ्लास्कमध्ये थेंबभर ई. कोलाय जिवाणू टाकते, तेव्हा ब्रॉथ, म्हणजे त्यांचं पातळ खाद्य, अगदी नितळ असतं. सकाळी तोच फ्लास्क गढूळ झालेला. सुरुवातीचे काही तास दर वीस मिनिटांनी दुप्पट! अकरा वर्षं हेच बघतेय, तरी फ्लास्क उजेडाकडे धरला की अजूनही क्षणभर थबकते.

म्हणून नॅनोतंत्रज्ञानाचे अभ्यासक एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ साली मांडलेला हिशेब मला कधी कपोलकल्पित वाटला नाही. अणू जोडून स्वतःसारखंच दुसरं यंत्र घडवणारं एक यंत्र, आणि त्याला लागणार हजार सेकंद. दहा तासांत छत्तीस दुपटी, म्हणजे ६,८०० कोटींहून जास्त यंत्रं. दोन दिवसांच्या आत त्यांचं वजन पृथ्वीहून अधिक. सगळ्या सृष्टीचा राखाडी लगदा होईल, ही भीती तिथूनच आली.

पण माझ्या फ्लास्कमधली वाढ काही तासांनी थांबते. साखर नाहीतर ऑक्सिजन संपतो, जिवाणूंनीच सोडलेली आम्लं साचतात. यंत्रांनाही कच्चा माल नि ऊर्जा लागणारच, आणि काम म्हटलं की उष्णता आली. त्याच क्षेत्रातले संशोधक रॉबर्ट फ्रेटास यांनी २००० साली हे गणित मांडलं: भराभर फोफावणारी यंत्रं इतकी उष्णता सोडतील की लपून राहणार नाहीत. पुढे २००४ मध्ये खुद्द ड्रेक्सलर यांनीही सांगितलं, की वस्तू बनवायला अशी मोकाट, मिळेल ते खाणारी यंत्रं लागतच नाहीत. अपघाताने जग संपेल हे मला पटत नाही. कुणी मुद्दाम केलं तर, हा प्रश्न उरतोच.

माझी झोप उडवली ती डिसेंबर २०२४ मधल्या इशाऱ्याने. ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत ३८ शास्त्रज्ञांनी लिहिलं, आरशातले जिवाणू, म्हणजे ज्यांचे रेणू आपल्या रेणूंच्या आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे असतील असे जिवाणू, बनवू नका. आपली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची असतात, त्यांची उजव्या. असे जिवाणू अजून कुणी बनवलेले नाहीत. इशारा देणाऱ्यांत याच दिशेने काम केलेले लोक होते. त्यांनी आपणहून थांबायचं ठरवलं, याचं मला फार मोल वाटतं. जिवाणूंना मारणारे विषाणू या उलट्या जिवाणूंना धरू शकणार नाहीत, आपली प्रतिकारशक्तीही त्यांना नीट ओळखणार नाही, अशी भीती आहे. मग लगाम उरतो अन्नाचा: आपल्या घडणीचं बरंचसं अन्न त्यांना पचणार नाही. तोही पुरता नाही. ग्लिसरॉलला (म्हणजे ग्लिसरीनला) डावं-उजवं नसतं, ते त्यांनाही चालेल. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जिवाणू साठवताना मी तेच घालते.